मंजू, तुझा बिस्मथ चपटा होता का?

मंजू,

तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली काचेची नळी अजून लॅबच्या डीप फ्रीजरमध्ये उभी आहे. कोणी ती धुतलेली नाही. तू गेल्यावर पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा मी फ्रीजर उघडला, नळीकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं. सरांनी विचारलं, "काढली का?" मी म्हटलं, "नाही सर. ती वापरायची नाही." सर आपल्या टेबलाकडे वळले. तू असतीस तर ऐकून घेतलं नसतंस. "भल्ली आली शुद्धतेवाली," म्हणाली असतीस, आणि मग संध्याकाळची बस सुटेपर्यंत आपलं चाललं असतं.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिही, असं मला सगळे सांगून राहिले आहेत. चार चांगले शब्द म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांची लाडकी. तू मनमिळाऊ नव्हतीस. मीही नाही. एम.एस्सी.पासून आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि एकमेकींचं काहीही सहजासहजी मान्य केलं नाही. त्यातलं शेवटचं भांडण अर्धं टाकून तू गेलीस. मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. ते मिटवायचं काम आता माझ्या एकटीवर आलं होतं, आणि त्यात तुझं नाव राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना आपला विषय ठाऊक नसणार, म्हणून तू गावच्या शाळेत पोरांना सांगायचीस तसं सांगते. बिस्मथ हा शिशाचा शेजारी. तितकाच जड, पण शिशासारखा विषारी नाही. पोटाच्या गोळ्यांतसुद्धा असतो. त्याला तीन हात. तिन्ही खाली पसरलेले, आणि डोक्यावर इलेक्ट्रॉनची एक जोडी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बर्नरवर ठेवतो त्या लोखंडी तिपाईसारखं हे सगळं दिसतं. तिपाईसारखा बसलेला बिस्मथ आळशी असतो. त्याच्याकडून काही होत नाही.

तू म्हणायचीस, ह्याला ताठ चौकटीत बसवा. तिन्ही पाय एका पातळीत येतील असं धरून ठेवा. तिपाईची थाळी करा. थाळी झाली की त्याच्या वर-खाली एक मोकळी जागा तयार होते, आणि ती जागा कोणीतरी यावं म्हणून वाट पाहते. मग हाच आळशी बिस्मथ अमोनियाचा घट्ट बंध उघडतो. हे काम करायला एरवी प्लॅटिनमसारखे महागडे धातू लागतात.

"धातू तोच, हात तेच," तू फळ्यावर खडू आपटत म्हणायचीस. "आकार बदलला, का स्वभाव बदलते."

"स्वभाव नाही बदलत," मी म्हणायचे. "तुझ्या नळीच्या तळाशी जे राहते ना, ते काम करून राहिलं. तुझ्या बिस्मथचं नाव होऊन राहिलं."

तळाशी काय राहायचं, हे समजायला तुझं घर पाहिलेलं असलं पाहिजे.

मी तुझ्या घरी पहिल्यांदा आले तो दिवस तुला आठवत असेल. मला तर पूर्ण आठवतो. समोरच्या खोलीत माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेले तुझे बाबा, आणि त्या ठक-ठक आवाजात सगळ्यांचं मोठ्याने बोलणं. मी एकोडीची. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, चिखल, रोपांची रोवणी, हे मला कळतं. माग मी तोपर्यंत पाहिला नव्हता. बाबांनी साडी पूर्ण करून कापून काढली, तरी फणीत जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं तशीच लोंबत ठेवली. मी विचारलं, "हे काहून ठेवलं, काका?"

उत्तर तूच दिलंस. "माग कधी रिकामा करत नसतात. रिकामा केला का पुन्हा एकेक धागा फणीतून ओवत बसा, जीव जाते. जुन्याचं टोक ठेवायचं आणि नव्याचं त्याले जोडायचं." मग तू राखेच्या वाटीत बोटं बुडवलीस, जुन्या ताण्याचं एक टोक आणि नव्याचं एक टोक घेतलं आणि पीळ दिला. पुढचं टोक. पुढचं. माझ्याशी बोलता बोलता, बोटांकडे न पाहता. तुझी आई म्हणाली, "हे काम आमच्या घरी मंजीचंच."

लॅबमध्ये तू तेच केलंस. तुझी नळी तू कधीही पूर्ण रिकामी करायची नाहीस. जुन्या खेपेचे दोन-चार जांभळे खडे तळाशी ठेवायचे आणि त्यावर नवं द्रावण ओतायचं. स्फटिक धरायला बी लागतं, हे पुस्तकातही आहे. पण पुस्तकात एक स्वच्छ खडा टाकायला सांगतात, आणि तू तळ जसाच्या तसा ठेवायचीस. त्या तळाशी खड्यांच्या बरोबर काळा गाळ असायचा. तुटलेल्या रेणूंतून सुटलेला, बारीक झालेला बिस्मथ. खेप गेली, दुसरी आली, गाळ तिथेच. माझं म्हणणं एवढंच होतं, की अमोनिया फोडायचं काम हा गाळ करत असेल तर? मग तुझी थाळी, तुझी मोकळी जागा, तुझा आकार, सगळं खोटं.

"एकदा तरी नव्या नळीत कर," मी म्हणायचे.

"नव्या नळीत धरतच नाही तर काय करू? तू करून दाखव."

"तुझा गाळ मी कायले निस्तरू?"

"संशय तुझा आहे, पोट्टी. माझा नाही."

खरं सांगू? माझा विरोध फक्त गाळामुळे नव्हता. तुला ते कळलं होतं, आणि म्हणूनच तू चिडायचीस.

त्याच पहिल्या दिवशी तुझ्या आजीने मला विचारलं होतं, "नाव काय म्हणली बाई? प्रज्ञा? पुरं नाव सांग ना." पूर्ण नाव कशासाठी लागतं ते मला शाळेपासून माहीत आहे. मी आडनावासकट सांगितलं, मागाच्या आवाजातही ऐकू जाईल इतकं मोठ्याने. गावही सांगितलं, मोहल्लाही सांगितला. आजी "हं" म्हणाली आणि आत गेली. चहा आला, तो तू आणलास. तू आजीला काही बोलली नाहीस.

परत येताना बसथांब्यावर तू म्हणालीस, "वाईट नको वाटून घेऊ वं. तुमाले एवढं दाबलं ना लोकाईनं, म्हणूनच तू अशी धारदार झाली. बिस्मथसारखी. चौकटीत घातलं, म्हणून काम करते."

तू ते प्रेमाने म्हणालीस. मला माहीत आहे. पण माझ्या डोक्यात जी तिडीक उठली, ती कधी खाली बसली नाही. मी म्हटलं, "मले कोणी दाबून धार नाही दिली. माझ्या मायनं दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून शिकवलं. माझ्या बाबानं सायकलवर सोडलं साकोलीले, रोज. ते आहे माझ्यात. दाबणाऱ्यायचा त्यात काही हात नाही. त्यायले कायले श्रेय देते?"

"मी श्रेय नाही देऊन राहिली."

"देऊनच राहिली."

बस आली आणि मी चढले. त्यानंतर तू जेव्हा जेव्हा फळ्यावर म्हणायचीस की आकार स्वभाव ठरवतो, तेव्हा मला तो बसथांबा दिसायचा. बिस्मथबद्दल बोलायचं असलं तरी मी बिस्मथबद्दल बोलत नसायचे. आणि तू आजीला त्या दिवशी एक शब्द का बोलली नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. ते विचारायचं राहिलं. आता तू उत्तर देणार नाहीस, तरी विचारून ठेवते: काहून नाही बोलली, मंजे?

धानाला लोंब्या निसवायच्या दिवसांत तुला ताप आला. साधा वाटला. तू दोन दिवस आली नाहीस, आणि मला वाटलं रुसली आहेस, कारण आदल्या दिवशी आपलं पुन्हा तेच झालं होतं. सरांसमोर मी म्हणाले होते की ह्या निकालावर माझी सही मी करणार नाही. तू नळी फ्रीजरमध्ये ठेवलीस, हातमोजे काढलेस आणि म्हणालीस, "ठीक आहे. तुले पटल्याशिवाय मी बी छापत नाही." आणि निघून गेलीस. मी त्याला टोमणा समजले.

तुला नागपूरला हलवलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. शहापूरला माझी खोली नागपूरच्या हायवेला लागून आहे. दिवसभर अँब्युलन्स जातात. कान सरावले आहेत, मान वर होत नाही. त्या दुपारी मी खोलीवरच होते. तू माझ्या खिडकीसमोरून गेलीस, मंजू. कोणत्या गाडीतून, ते मला माहीत नाही. परत आलीस तेव्हाही त्याच रस्त्याने.

तुझ्या घरी आले तेव्हा माग बंद होता. इतकं शांत ते घर मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना हळू बोलायचं कसं तेच कळत नव्हतं. मागावर जुन्या ताण्याची टोकं लोंबत होती, नवा ताणा गुंडाळून बाजूला तयार ठेवलेला. जोडणी व्हायची होती. बाबा मागाकडे पाठ करून बसले होते. आजीने माझ्याकडे पाहिलं, सरकून जागा केली आणि माझा हात धरून बसली. त्याला मी फार मोठं काही मानत नाही. पण झालं ते झालं म्हणून लिहिते, कारण तू पाहायला नव्हतीस.

तुझ्या आईने मला आत बोलावलं. म्हणाली, "तुमचं ते झालं का वं, प्रज्ञा?"

"काय, काकू?"

"ते तुमचं चपटं का काय ते. तापात बी तेच बोले. म्या म्हटलं, आता तरी सोड ते. तर म्हणे, आई, प्रज्ञाले पटलं का साऱ्यायले पटते. ती पटली का झालं."

मी तिथे रडले नाही. रडणारी बरीच माणसं होती. मी काकूंना म्हटलं, "पाहतो काकू. मी पाहतो."

तो टोमणा नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

सरांनी दुसऱ्या दिवशी मला समोर बसवलं. सर तुझे आणि माझे दोघींचे मार्गदर्शक, आपल्या भांडणात कधी न पडलेले. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा. "लेख जायचा आहे. बाहेरचे तज्ज्ञ तो तपासतील, ते हेच विचारतील जे तू विचारत होतीस. उत्तर द्यायला मंजूषा नाही. स्वच्छ नळीत पुन्हा झालं, तर तिचा भाग राहील, तिच्या नावाने. नाही झालं तर काढावा लागेल. गेलेल्या माणसाच्या नावावर कच्ची गोष्ट मी छापणार नाही."

"मीच करायचं?"

"मग कोण? संशय तुझा आहे."

तुझंच वाक्य. सरांना ते माहीत नव्हतं.

म्हणजे तुझ्या विरुद्ध मी जे बोलत आले, तेच आता मला इमानाने करायचं होतं. त्यात खरी निघाले तर तुझं काम पुसलं जाणार होतं. आणि दया म्हणून कुठे ढिलं सोडलं तर तू मला कधी माफ केलं नसतंस, कारण मग मला पटलं असं म्हणता आलं नसतं.

मी नव्या नळ्या काढल्या. ज्या तुझ्या हाताला कधी लागल्या नव्हत्या त्या. धुतल्या, भट्टीत तापवल्या, आर्गॉनने भरल्या. चौकटीचा रेणू नव्याने केला, बिस्मथचं मीठ नव्या बाटलीतलं. तुझ्या नेहमीच्या टोल्युइन द्रावकात तो कच्चा माल गाळणीवर चिकटून बसला, म्हणून मी टीएचएफ हा दुसरा द्रावक घेतला. त्यात सगळं सुरेख विरघळतं. बारीक गाळणीतून दोनदा गाळलं. काळ्याचा कण राहू दिला नाही.

खाली उतरलेलं द्रावण पिवळं होतं.

तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगते. चपटा बिस्मथ गडद जांभळा दिसतो, हा आपला सगळ्यात सोपा पुरावा. मोकळी जागा असली की तो रंग येतो. वाकला, तिपाई झाला, की रंग उतरून पिवळा. तुझ्या नळीत कायम जांभळं. माझ्या स्वच्छ नळीत पिवळं.

म्हणजे मी जिंकले होते. वर्षानुवर्षं म्हणत होते तेच समोर होतं: गाळ नाही, तर जांभळा रंग नाही. मी ती नळी हातात धरून उभी राहिले. सरांना काय सांगायचं, काकूंना काय सांगायचं, हे डोक्यात फिरायला लागलं. बाहेर व्हरांड्यात पहिल्या वर्षाची पोरं हसत होती. मला एकदम तुझा राग आला. असं काम टाकून कोणी जातं का?

कोरडं करून ठेवू आणि सरांना बोलावू, असं ठरवून मी नळी निर्वात पंपाला लावली. द्रावक हळूहळू निघायला लागला. अर्ध्यावर आला असेल, आणि लाइट गेली. पंप थांबला. माझा हात आपोआप नळीच्या तोटीवर गेला आणि तोटी बंद झाली. ते तू शिकवलं होतंस, पहिल्याच वर्षी, माझी एक नळी अशीच हवा घुसून वाया गेल्यावर: "डोळे कुठंही ठेव, हात तोटीवर ठेव. इथं लाइटीचा भरवसा नाही, बह्याड."

लाइट येईपर्यंत मी तशीच उभी होते, तोटी धरून, अंधुक उजेडात नळीतल्या पिवळ्या द्रावणाकडे पाहत. तोवर विचार करायला वेळ मिळाला. आणि मग मला टीएचएफ दिसला. म्हणजे डोळ्यासमोरच होता, पण आत्ता दिसला. टीएचएफ हा साधा पाहुणा नाही. त्याच्याकडे ऑक्सिजन आहे, ऑक्सिजनकडे द्यायला इलेक्ट्रॉनची जोडी आहे, आणि कोणाची जागा मोकळी दिसली की तो तिथे जाऊन बसतो. बिस्मथच्या थाळीवर तो बसला असेल, तर थाळी वाकणार. वाकली की पिवळी. तू टोल्युइनच का वापरायचीस, ते तू कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं, सवय.

लाइट आली. पंप गुरगुरला. मी तोटी उघडली, अगदी थोडी. पिवळं द्रावण दाट झालं, काचेला चिकटायला लागलं. काही नाही. पिवळंच. मी नळीला तळहाताने ऊब दिली, तू द्यायचीस तशी. शेवटचा ओलावा निघत असताना नळीच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, जिथे थर सगळ्यात पातळ होता तिथे, एक रेघ उमटली. मला वाटलं सावली आहे. मी नळी उजेडाकडे फिरवली. रेघ खाली पसरत गेली.

जांभळी, मंजू. गडद जांभळी. मी सरांना जोरात हाक मारली. प्यूनदादा धावत आले, त्यांना वाटलं काही फुटलं.

मग मी एक गोष्ट केली, जी तुला आवडली असती. टीएचएफचा एक थेंब परत सोडला. पिवळं. पंपाने ओढून घेतला. जांभळं. पुन्हा थेंब, पुन्हा पिवळं. पुन्हा ओढला, पुन्हा जांभळं. सर माझ्या खांद्यामागे उभे राहून पाहत होते. पदार्थ तोच. हात तेच. काळ्याचा कण नाही. फक्त पाहुणा बसला की थाळी वाकते आणि उठला की सरळ होते, आणि तेवढ्यावर सगळा रंग, सगळा स्वभाव.

"आता अमोनिया," सर म्हणाले.

"थांबा सर. आधी गाळ." मी तोटी अडकली म्हणून तू बाजूला ठेवलेल्या एका जुन्या, बंद नळीतला काळा गाळ वेगळा काढून धुतला आणि आधी त्याच्यावर अमोनिया सोडला. वाट पाहिली. काही झालं नाही. जेवणाची सुट्टी झाली, गेली. तरी काही नाही. मग जांभळ्या खेपेवर, टोल्युइनमध्ये, अमोनिया सोडला. रंग उतरत गेला, एखाद्याने फळा पुसावा तसा. नमुना नागपूरला पाठवला. तिथून आलेख आला, त्यावर बंध उघडल्याची खूण जिथे यायला पाहिजे तिथे आली होती. मी तो आलेख उलटा-सुलटा, सगळ्या बाजूंनी तपासला. चूक सापडावी म्हणून तपासला. सापडली नाही.

तुझा बिस्मथ चपटा होता. काम तोच करत होता, आणि चपटा होता म्हणून करत होता.

मी तुझी माफी मागणार नाही, मागितली तर तू हसशील. मी विचारलं ते बरोबर विचारलं. उत्तर तुझ्या बाजूचं निघालं, एवढंच. आणि तुझा गाळ चुकीचाच होता; तो काम करत नव्हता हे तुझं नशीब. हे मी लेखातही लिहिलं आहे: निकाल गाळाशिवाय पुन्हा तपासला. सरांनी ते वाक्य काढायला सांगितलं नाही. त्या वाक्यामुळेच तुझा भाग राहिला, तुझ्या नावाने, आणि लेखकांत तुझं नाव पहिलं. मी सही केली.

काकूंना सांगायला गेले. त्यांना म्हटलं, "पटलं, काकू." त्यांनी नुसती मान हलवली. मागावर बाबा होते. राखेची वाटी बाजूला होती, आणि नवा ताणा अर्धा जोडून झाला होता. कोणी जोडला, मी विचारलं नाही. पीळ तुझ्यासारखे एकसारखे नव्हते. मध्येमध्ये गाठी दिसत होत्या.

दुसरं भांडण मात्र मी सोडलेलं नाही. बिस्मथला चौकटीत दाबलं की तो काम करतो, मान्य. माणसांचं मी मान्य करत नाही. बिस्मथला चौकट तू प्रेमाने घातली होतीस, तोलून मापून, त्याच्याकडून काय व्हावं हे ठरवून. आम्हाला ज्यांनी दाबलं, त्यांनी आमच्याकडून काही व्हावं म्हणून दाबलं नव्हतं. फरक आहे. एवढा मोठा फरक तुझ्यासारख्या पोरीच्या ध्यानात आला नाही ह्याचं मला वाईट वाटायचं. पण आता एक गोष्ट कबूल करते: माझ्या तोटीवरचा हात मायचा नाही, बाबांचा नाही, माझाही नाही. तो तुझा आहे. माझ्या आकारात तू पण आहेस, आणि तू मला दाबलं नव्हतंस, तू माझ्याशी भांडलीस. त्याला काय म्हणायचं, ते तू सांगायला पाहिजे होतं.

आता स्फटिक पाहिजेत. क्ष-किरणांनी आकार मोजल्याशिवाय बाहेरचे लोक ऐकणार नाहीत, रंगावर भागणार नाही. माझी स्वच्छ खेप फ्रीजरमध्ये ठेवून पाहिली. धरत नाही. नुसता जांभळा थर बसतो, खडा होत नाही. तू म्हणालीच होतीस.

आज सकाळी मी तुझी नळी बाहेर काढली. हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये नेली, चिठ्ठी न फाडता उघडली. गाळाला हात लावला नाही. वरचा एक खडा चिमट्याने उचलला, स्वच्छ टोल्युइनने धुतला, पुन्हा धुतला, आणि माझ्या नळीच्या तळाशी सोडला. मग तुझी नळी होती तशी बंद करून जागेवर ठेवली.

सर दारातून पाहत होते. "अगं, झालं ना आता सगळं. ती जुनी नळी परत कशाला ठेवलीस? धुऊन टाक."

मी फ्रीजरचं झाकण लावलं आणि म्हटलं, "माग कधी रिकामा करत नसतात, सर."